दोन डाव्या बाह्या

गल्लीत तिला सगळे डावीकाकू म्हणायचे. खरं तर तिचे दोन्ही हात धडधाकट होते आणि जेवणं, शिवणं, वेळ पडली तर एखाद्याच्या थोबाडीत देणं हे सगळं ती उजव्याच हाताने करायची. तरी औषधवाला गोळ्यांची पुडी मुद्दाम तिच्या डाव्या हाताशी धरायचा आणि वर डोळा मिचकावायचा. चौतीस वर्षं हा विनोद चालला होता. ज्याने तो सुरू केला त्या माणसाला जाऊन आज वर्ष झालं होतं.

तो माणूस तिचा नवरा. टेलर. खाली दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. गल्लीला विचाराल तर असा हसरा माणूस पुन्हा होणे नाही. तिला कोणी विचारत नव्हतं.

नातीने ठरवलं होतं की आजोबांची आठवण रडून काढायची नाही, हसून काढायची. दुपारी चार वाजता, दुकानातच. शेजारच्या फोटोवाल्याकडून वीस खुर्च्या आणल्या होत्या, चहा-बिस्किटांची सोय सूनबाईंकडे होती, आणि उद्यापासून दुकान नातीच्या हाताखाली नव्याने सुरू व्हायचं होतं. पोरगी कापायला आजोबांकडून शिकली होती आणि काज करायला आजीकडून. कौतुक अर्थात कापण्याचं व्हायचं. काजाकडे कोण बघतो, बटण आत गेलं की झालं.

आजी सकाळी गुडघे सांभाळत खाली उतरली आणि शेवटच्या पायरीवरच थांबली. समोरची अख्खी भिंत खाकी कागदांनी भरली होती.

कापड कापण्याआधी गिऱ्हाइकाच्या मापाचे असे कागद कापतात. पाठीचा वेगळा, छातीचा वेगळा, बाहीचा वेगळा. कागद कापडावर ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा आणि मग कात्री चालवायची. आजोबांची खोड अशी की माप घेता घेता ते त्या कागदावर गिऱ्हाइकाचं तोंड काढायचे. कोणाचं नाक भोपळ्याएवढं, कोणाच्या टकलावर एकच केस. गिऱ्हाईक पोट धरून हसायचं आणि कोट आठ दिवस उशिरा मिळाला तरी भांडायचं विसरून जायचं. नातीने ती सगळी तोंडं भिंतीवर लावली होती. मधोमध आजोबांचा हसरा फोटो आणि त्याच्या खाली काचेच्या चौकटीत मोठी कात्री.

"कसं दिसतंय, आजी?" नात शिडीवरून म्हणाली.

दाराशी दोरीने बांधलेला कागदांचा एक गठ्ठा पडला होता, तिकडे आजीने बोट केलं. "हे काय?"

"ते कोरे कागद गं. त्यांच्यावर आजोबांनी काहीच काढलेलं नाही. रद्दीवाला येईल न्यायला."

आजी वाकली. वरच्या कागदाच्या कोपऱ्यात कात्रीने मारलेली बारीक तिकोनी खाच होती. लग्नानंतरची नऊ वर्षं या दुकानातले कोट तिने कापले होते. तिला लिहिता जेमतेम यायचं, चित्र तर मुळीच नाही, म्हणून आपल्या कागदाला ती अशी खाच मारायची. गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाला ती खाच होती.

"रद्दी काय," ती म्हणाली. "बरं."

मग ती चौकटीपाशी गेली. कात्रीच्या खाली पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला होता. अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत तिने तो वाचला. त्यावर लिहिलं होतं, 'आजोबांची कात्री. डावीकाकूंनी हात लावू नये.'

"गंमत आहे गं ती," नात हसत म्हणाली. "आजोबा नेहमी म्हणायचे ना तसंच लिहिलंय."

कात्री तिच्या बापाची होती. बाप गणवेशांच्या कारखान्यात कापायचा. लग्नात त्याने तिला दुसरं काही दिलं नाही, ही कात्री दिली. अंगठ्याची कडी तिच्या बारीक अंगठ्याला ढिली व्हायची म्हणून तिने तिच्यावर निळ्या अस्तराची पट्टी गुंडाळली होती. पट्टी अजून तशीच होती, फक्त काळी पडलेली.

"ती कात्री खाली काढ," आजी म्हणाली. "आणि बाह्यांची गोष्ट आज सांगायची नाही."

"आजी, असं काय करतेस? तीच तर मुख्य गोष्ट आहे! बँडमास्तर खास तेवढ्यासाठी येतायत. आणि चौकट मी चार स्क्रूंनी बसवलीय."

"बसवली तशी काढता येते."

तेवढ्यात तिचा मुलगा जिन्यावरून डोकावला. सरकारी कचेरीत नोकरीला होता, आवाज चढला की त्याचं पित्त चढायचं. "आई, आजच्या दिवस तरी वाकडं तोंड करू नकोस. लोक बाबांसाठी येतायत."

"माझं तोंड जन्मापासून असंच आहे. तुझ्या बापाने ते कागदावर काढलं नाही एवढंच."

गठ्ठा ओढत तिने एका खुर्चीपाशी नेला आणि त्यावर पाय ठेवून बसली. रद्दीवाला आला तेव्हा तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो आल्या पावली परत गेला.

चार वाजता दुकान भरलं. लोक आले तेच हसत आले. फोटोवाला म्हणाला, "काय माणूस होता! एकदा त्या जाड्या बेकरीवाल्याचं माप घेताना टेप पोटाला लावली आणि मला म्हणाले, 'जरा हे टोक धरा, मी पलीकडून जाऊन येतो.' आणि खरंच दुकानाबाहेर जाऊन वळसा घालून आले!"

सगळे खदखदले. आजीला तो दिवस चांगला आठवत होता. वळसा वाटेतल्या चहाच्या टपरीवरून गेला होता आणि दीड तास चालला होता. बेकरीवाल्याचं माप शेवटी तिने घेतलं होतं.

मग सूनबाईंनी पुतळ्याची गोष्ट सांगितली. दुकानातल्या लाकडी पुतळ्याला मुलाचा गणवेश घालून आजोबांनी त्याला शाळेत वर्गाच्या खिडकीशी उभा केला होता आणि पोरगा हजर म्हणून लागला होता.

"आणि बोलणी खायला शाळेत कोण गेलं होतं?" आजीने विचारलं.

"तुम्ही का सारखं मध्ये बोलता, सासूबाई?"

"विचारलं फक्त. पुतळा तर गेला नसेल."

पुन्हा हशा. तिला वाटलं होतं हे बोचेल. पण तिचं बोलणंही त्याच्याच विनोदांच्या रांगेत जाऊन बसत होतं. संसारभर असंच झालं. तो आग लावायचा, ती विझवायला धावायची, आणि लोक म्हणायचे, बघा बाई कशी मजेशीर धावते.

मग बँडमास्तर उठले. पंचाहत्तरीचे, पण ताठ. पूर्वी कोटाची सगळी बटणं छातीवर ताणलेली असायची, आता कोट माणसापेक्षा मोठा वाटत होता. त्यांनी बगलेतून काळ्या मखमलीची एक लांब पिशवी काढली आणि उंच धरली. बँडपुढे फिरवायच्या छडीची पिशवी. टाळ्या पडल्या, कारण ती पिशवी म्हणजे एक बाही होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू सांग," ते नातीला म्हणाले. "आजोबा सांगायचे तशीच सांग."

नातीने एकदा आजीकडे पाहिलं. आजीने मान हलवली, नाही म्हणून. पोरीने नजर वळवली आणि सुरुवात केली. तिला आजोबांचा आवाजही काढता यायचा.

"तर काय झालं, बँडमास्तरांचा मखमली कोट. मोठा कार्यक्रम, संध्याकाळी सहाचा. दुपारी तीनला हे ट्रायलला आले. डावा हात घातला, झकास. उजवा हात घातला, तर तो वळून पाठीमागेच जायला लागला! बघतो तर दोन्ही बाह्या डाव्या! दुकानात पंधरा माणसं. बँडमास्तर लालबुंद. तेव्हा आजोबा हात जोडून म्हणाले, 'साहेब, कोट आमच्या हिने कापलाय. तिला डावं-उजवं कळत नाही. कळत असतं तर माझ्याशी लग्न केलं असतं का?'"

दुकान हादरलं. फोटोवाल्याने तर मांडी बडवली. औषधवाला मागून ओरडला, "डावीकाकू झिंदाबाद!"

"आणि मग," बँडमास्तर डोळे पुसत म्हणाले, "राग कुठल्या कुठे गेला हो माझा. आणि त्या देवमाणसाने दोन तासांत उजवी बाही नवी कापून लावून दिली. अशी बसली म्हणून सांगू! आयुष्यात तशी बाही पुन्हा बसली नाही. जास्तीची डावी बाही मी आठवण म्हणून ठेवून घेतली."

आजी उठली. खुर्ची सरकल्याचा आवाज एवढा मोठा झाला की हसणारे गप्प झाले.

"पोरी," ती म्हणाली, "भिंतीवरचा बँडमास्तरांचा कागद काढ. बाहीचा. गालफुग्या काढलाय तो."

"आई, आता कशाला..." मुलगा म्हणाला.

"तू बस. तुझं कचेरीत चालतं, इथे नाही. काढ गं."

नातीने कागद काढून आणला. त्यावर बँडमास्तरांचं तोंड होतं, गाल फुग्यासारखे, मिशा दोन्हीकडे वर. लोक पुन्हा हसायच्या बेतात होते.

"आता मला सांग. तू कापणारी आहेस ना? मखमल कशी कापतात?"

"एकेरी पसरून," नात गोंधळून म्हणाली. "दुहेरी घातली तर लवेवर लव घसरते. खालचा तुकडा वाकडा निघतो."

"मग दुसरी बाही?"

"एक आखून झाली की कागद उलटा करायचा आणि दुसरी आखायची. नाही उलटला तर..." ती थांबली.

"नाही उलटला तर?"

"दोन्ही एकाच हाताच्या होतात."

"खडू कुठे लागतो?"

"कागदाच्या कडेला. वरच्या बाजूला."

टेलरचा खडू मेणकट असतो, शाळेतल्यासारखा फुंकरीने उडत नाही. कागदावर तोंडाच्या बाजूने, कडेकडेने पिवळी रेघ गेलेली होती. एकावर एक दोनदा फिरवलेली. नातीने कागद उलटला. मागची बाजू कोरी करकरीत होती. तिने खिडकीशी नेऊन पाहिला, बोट फिरवून बोट पाहिलं. काही नाही.

"उलटला असता तर बँडमास्तरांचं तोंड खाली गेलं असतं," आजी म्हणाली. "आणि कापतानाही समोर माणसं बसली होती. तोंड खाली घालून कसं चालेल? तुझ्या आजोबांना ते दाखवायचं होतं ना. दाखवत दाखवत कापला. ज्या कागदावर चित्र काढायचे त्याला मला कधी हात लावू दिला का? सांग, तू तर त्यांच्या मांडीवर वाढलीस."

नातीने नकारार्थी मान हलवली. सगळ्या घराला माहीत होतं, तोंडवाल्या कागदाला फक्त आजोबांचा हात.

मग बँडमास्तरांच्या पोटातून हसू आलं. "म्हणजे म्हातारा शेवटपर्यंत मला बनवून गेला की! वा रे पठ्ठ्या!"

आणि सगळे हसले. आधीपेक्षा जास्त. फोटोवाला म्हणाला, "कमाल आहे, मेल्यावरसुद्धा नवीन विनोद!" भिंतीवरचा फोटो तर हसतच होता.

आजी थांबली. कात्रीला धार लावताना थांबतात तशी, घाई न करता. हसणं विरत गेलं, कोणी खोकलं, कोणी उगाच बिस्कीट उचललं.

"झालं? आता पुढचं ऐका. आणि यात हसायची जागा कुठे आहे ती तुम्हीच मला दाखवा. त्या संध्याकाळी वर गेल्यावर मी यांना विचारलं, हे काय केलंत? तर म्हणाले, 'अगं, मी चुकलो म्हटलं असतं तर दुकान बुडालं असतं. तुझ्यावर कोण रागावणार? लोक आठ दिवसांत विसरतील.' मी गप्प बसले. नवरा होता, दुकान दोघांचं होतं. आठ दिवसांनी बेकरीवाला कोट टाकायला आला आणि म्हणाला, 'बाईंना कापू देऊ नका हं.' पंधरा दिवसांनी आणखी दोघे तेच म्हणाले. महिन्याने यांनीच माझ्या हातातली कात्री काढून घेतली. म्हणाले, लोकांचं मन राखायला हवं. आणि दर वर्षी गोष्टीला नवीन कल्हई. नऊ वर्षं मी कोट कापले होते. एकाची बाही कधी उतरली नव्हती. नंतर चौतीस वर्षं काजं केली. एका कोटाला पुढे तीन, बाह्यांना मिळून सहा. डोळे गेले काजांत. दाखवा, कुठे हसायचं?"

औषधवाला बुटांकडे बघत होता.

"पण मग," बँडमास्तर हळूच म्हणाले, "ती उजवी बाही? जी इतकी बसली?"

"तुम्ही इथे बसून यांच्या गोष्टी ऐकत होता. मी मागच्या खोलीत माझा वेगळा कागद करून कापत होते. कापड पुरत नव्हतं, आतल्या शिवणीत जोड दिलाय. बघा, कोट असेल अजून घरी."

"आहे," ते म्हणाले. पिशवीची शिवण त्यांनी बोटाने चाचपली. "चौतीस वर्षं मी त्यांचे आभार मानत आलो. काकू, आता तुमचे..."

"राहू द्या. शिळं मी खात नाही."

मुलगा पुढे आला. "आई, चार लोकांत बाबांची अशी शोभा करून काय मिळालं तुला?"

"चार लोकांत गेलं होतं, ते चार लोकांत परत घेतलं. तुझ्या कचेरीत काय पद्धत आहे?"

त्याला उत्तर सुचलं नाही. त्याच्या बापाला सुचलं असतं. असं काहीतरी बोलून गेला असता की तिलाही तोंड फिरवून हसू दाबावं लागलं असतं. ती फोटोकडे बघत क्षणभर थांबली, जुन्या सवयीने. एवढं ऐकवल्यावर समोरून उलट उत्तर येत नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं भांडून माणूस ऐन भांडणात उठून गेला होता. ही त्याची शेवटची खोडी, आणि ती तिला मुळीच आवडली नव्हती.

नात फोटोवाल्याच्या दुकानातून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. चारही स्क्रू काढताना तिचे डोळे वाहत होते. पुठ्ठ्याचा तुकडा तिने चुरगळला.

"आजी, मला माहीत नव्हतं."

"माहीत नसलं की विचारतात. सकाळी रद्दीत घालायच्या आधी विचारतात."

आजीने पाय ठेवलेला गठ्ठा पुढे सरकवला. नातीने दोरी सोडली, एक कागद पाहिला, दुसरा पाहिला, कोपऱ्यातल्या खाचेवर अंगठा ठेवला. "भिंतीवर लावू हे?"

"भिंतीवर गेलेल्यांना लावतात. खुंटीला अडकव. कामाचे आहेत."

कापायच्या टेबलावर उद्याचं पहिलं काम झाकून ठेवलं होतं. बँड आता बँडमास्तरांची मुलगी चालवायची, तिच्या कोटाची मखमल. कागदही तयार होता, नातीने कालच कापलेला. आजीने वरचं फडकं काढलं आणि टेबलाशी उभी राहिली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं ती काय करणार आहे ते.

"सासूबाई, डोळ्यांना दिसतं का तेवढं?" सूनबाई म्हणाल्या. "महागाचं कापड आहे. उद्या शांतपणे..."

"दिसत नाही. म्हणून तर तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा."

खुर्च्या सरकल्या. घरी कोणी गेलं नाही. पण आता कोणी हसायची जागाही शोधत नव्हतं. बँडमास्तर टेबलाच्या टोकाशी छडीची पिशवी छातीशी धरून उभे होते, कापड त्यांच्या पोरीचं होतं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आजीने मखमलीवरून तळहात फिरवला. एकदा लवेच्या दिशेने, एकदा उलट. बोटांना सगळं आठवत होतं. तिने कापड पालथं पसरलं, बाहीचा कागद ठेवला, कडेने खडू फिरवला. ती थांबली, खडू ठेवला, हात पदराला पुसला, पुन्हा उचलला.

पहिली बाही आखून झाली. तिने कागद उचलला.

"पोरी, तो फोटो जरा इकडे वळव," ती म्हणाली. "खाली, टेबलाकडे तोंड करून."

नातीने फोटो खिळ्यावरून उतरवून टेबलाच्या कडेला उभा केला. आजोबा मखमलीकडे बघून हसू लागले.

"बघा," आजी त्यांना म्हणाली. "असा उलटतात."

तिने कागद उलटा केला, नीट बसवला, दुसरी बाही आखली. मग निळ्या पट्टीच्या कडीत अंगठा घातला. अंगठा आणखी बारीक झाला होता, कडी ढिली पडली. तिने पट्टीचं सुटलेलं टोक दातांनी ओढून एक वेढा घट्ट केला आणि कापायला लागली.